शुक्र आणि मंगळ सौरवाऱ्याला अडवतात तरी कसे?

मंगळाच्या जमिनीवरून सूर्याच्या दिशेनं सरळ वर जात राहिलं, की साधारण दोन हजार किलोमीटरवर एक हद्द लागते. डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही, पण यानावरच्या उपकरणांना लगेच कळतं. हद्दीच्या बाहेर सूर्याकडून येणारा वारा सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटलेला असतो. हद्द ओलांडली की त्याचा वेग झपकन उतरतो, कणांची दाटी होते, तापमान चढतं आणि सगळा प्रवाह ग्रहाला वळसा घालून जायला लागतो. या हद्दीला बो शॉक म्हणतात. हा एका जागी उभा राहिलेला आघात तरंग आहे. शुक्रापुढेही तो आहे आणि पृथ्वीपुढेही.

पृथ्वीचं समजण्यासारखं आहे. तिच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र अवकाशात लांबवर पसरलेलं आहे. वारा त्यावर येऊन अडतो, म्हणून तिचा बो शॉक सूर्याच्या बाजूला सुमारे नव्वद हजार किलोमीटर दूर उभा असतो. शुक्राकडे असं क्षेत्र नाही. मंगळाकडे अब्जावधी वर्षांपूर्वी होतं, आज नाही. मग वाऱ्याला अडायचं कारण काय? तो सरळ वातावरणावर जाऊन का आदळत नाही?

उत्तराआधी या वाऱ्याबद्दल थोडं. सौरवारा म्हणजे सूर्याच्या प्रभामंडळातून (त्याच्या सर्वांत बाहेरच्या, तापलेल्या थरातून) अखंड बाहेर पडणारा प्लाझ्मा, म्हणजे सुटे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, थोडं हेलियम, आणि त्यांच्याबरोबर ओढलं जाणारं सूर्याचंच चुंबकीय क्षेत्र. असा वारा असला पाहिजे हे भौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९५८ साली गणितानं मांडलं. परीक्षकांना ते पटलं नव्हतं, पण नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणितात चूक सापडत नाही म्हणून शोधनिबंध छापला. १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ यानाला वाटेत महिनोन्‌महिने हा वारा लागत राहिला आणि वाद मिटला.

हा वारा विरळ किती, तर पृथ्वीजवळ एका घनसेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच कण. आपल्याभोवतीच्या हवेत तेवढ्याच जागेत दोनावर एकोणीस शून्यं इतके रेणू असतात. मंगळाशी पोचेपर्यंत सौरवारा आणखी विरळ होतो आणि त्याचा दाब एका पास्कलच्या अब्जाव्या भागाच्या घरात येतो. गालावर बसला तरी कळायचा नाही. पण त्याचा वेग अफाट आहे, आणि आघात तरंगाचा सगळा खेळ वेगाचा आहे.

स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नळाची धार सोडून बघा. धार तळाला जिथे आपटते तिथून पाण्याचा पातळ, गुळगुळीत थर चहूकडे सरसर पसरतो. थोड्या अंतरावर एक गोल कडा दिसते. तिथे पाणी अचानक उंच होतं आणि रेंगाळतं. कडेच्या आत पाण्याचा वेग त्या पातळ थरातल्या लाटांच्या वेगापेक्षा जास्त असतो, बाहेर कमी. आतल्या भागात बोट बुडवलं, तर बोटामुळे उठलेली लाट धारेकडे उलटी जाऊ शकत नाही, वाहूनच जाते. म्हणजे पुढे काहीतरी आडवं आलंय ही बातमी मागच्या पाण्याला मिळतच नाही. बातमी न मिळालेलं पाणी तसंच वेगात येतं, आणि वेगातून संथपणाकडे जायचं तर त्याला एका झटक्यात जावं लागतं. तो झटका म्हणजे ती कडा.

सौरवाऱ्यात बातमी नेणाऱ्या लाटा वेगळ्या असतात. त्या दाबाच्या आणि चुंबकीय क्षेत्राच्या मिळून बनलेल्या असतात, आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण पन्नास ते शंभर किलोमीटर. वारा त्याच्या पाच-सहापट वेगानं येतो. त्यामुळे ग्रहाकडून उठलेली कोणतीही लाट वाऱ्याविरुद्ध फार वर चढू शकत नाही. अशा लाटा एका जागी साठत जातात आणि तिथेच आघात तरंग उभा राहतो. आदर्श गणितात घनता जास्तीत जास्त चौपट होते आणि वेग चौथ्या हिश्शावर येतो. प्रत्यक्षातही ग्रहाच्या नाकासमोर, म्हणजे सूर्याकडच्या टोकापुढे, आकडे त्याच आसपास निघतात.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण सिंकमधले पाण्याचे रेणू एकमेकांना सतत धडकत असतात, आणि त्या धडकांमुळेच वेगाची उष्णता होते. सौरवाऱ्यातला एक प्रोटॉन दुसऱ्याला धडकण्याआधी सरासरी किती अंतर जातो? जवळपास पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य ते पृथ्वी एवढं. मग दोन हजार किलोमीटरच्या जागेत त्याला ब्रेक कोण लावतं?

१९५०च्या दशकात हा प्रश्न खरोखरच अडलेला होता. त्याला वाट मिळाली ती पृथ्वीवरच्या चुंबकीय वेधशाळांच्या आलेखांतून. आपल्या अलिबागच्या वेधशाळेतही असे आलेख वर्षानुवर्षं निघतात. (ही वेधशाळा आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली ती अलिबागला हलवली, कारण ट्रामच्या प्रवाहानं नोंदी बिघडल्या असत्या.) मोठं सौरवादळ येतं तेव्हा अशा आलेखाची रेघ शांतपणे चाललेली असते आणि दोन-पाच मिनिटांत एकदम वर उडी घेते. खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी विचारलं, की सूर्यावरून निघालेला वायू एक-दोन दिवस प्रवास करून इथे पोचतो. वाटेत वेगवान कण पुढे जायला हवेत, हळू कण मागे पडायला हवेत. मग वादळाची सुरुवात कित्येक तासांवर पसरलेली दिसायला हवी. ती काही मिनिटांत कशी उरकते? याचा अर्थ कोणीतरी त्या वायूची आघाडी धारदार ठेवतंय, आणि ते काम कणांच्या धडकांचं नाही.

ते काम चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रं करतात. भारित कण चुंबकीय क्षेत्रात सरळ जात नाही, गोल फिरतो. बो शॉकपाशी क्षेत्र अचानक तीव्र होतं, तिथे बरेचसे प्रोटॉन वेग गमावून आत जातात, पण काही चक्क उलटे परतवले जातात. परतलेला प्रोटॉन येणाऱ्या वाऱ्यात घुसतो, गिरकी घेतो आणि पुन्हा शॉकवर येतो, या वेळी जास्त ऊर्जा घेऊन. त्यामुळे आत शिरलेल्या गर्दीत एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या वेगांनी जाणारे कण असतात. कणांच्या या अस्ताव्यस्त हालचालीलाच आपण तापमान म्हणतो. वर या कणांच्या गटांमधल्या ओढाताणीतून लाटा उठतात आणि त्या उरलेली शिस्तही मोडतात. एकही धडक न होता वारा तापतो. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो, आणि सोप्या लेखांमध्ये नेमका हाच गाळलेला असतो.

आता मूळ प्रश्न. वारा वेगवान आहे हे खरं, पण अडण्यासाठी अडथळा हवा. प्रत्येक गोळा अडथळा होतोच असं नाही. आपला चंद्रच घ्या. त्याला ग्रहभर चुंबकीय क्षेत्र नाही आणि नाव घ्यावं असं वातावरणही नाही. सौरवारा थेट त्याच्या मातीवर येऊन आदळतो आणि तिथेच संपतो. चांद्रयान १वरच्या सारा या उपकरणानं दाखवलं, की आदळणाऱ्या प्रोटॉनांपैकी बरेच जण मातीतून इलेक्ट्रॉन उचलून हायड्रोजन अणू होऊन परत उसळतात. पण वारा एकंदरीत गिळलाच जातो. त्याला बाजूला ढकलणारं कोणी नाही, म्हणून चंद्रापुढे बो शॉकही नाही. मागे फक्त एक पोकळी उरते.

शुक्राकडे आणि मंगळाकडे जे आहे आणि चंद्राकडे नाही, ते म्हणजे वातावरण. सूर्याचे अतिनील किरण या वातावरणाच्या वरच्या थरातल्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून त्यांचे भारित आयन करतात. तिथे आयनांबर तयार होतं, म्हणजे वीज वाहून नेणारा थर. आणि सौरवारा स्वतःबरोबर चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. बारावीच्या फिजिक्समधला लेन्झचा नियम आठवा: वाहकाजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलायला लागलं की वाहकात प्रवाह सुरू होतात, आणि ते त्या बदलालाच विरोध करतात. सौरवाऱ्याचं क्षेत्र आयनांबरात घुसू पाहतं, आयनांबरात प्रवाह उठतात, क्षेत्राला आत यायला मज्जाव होतो. मागून नवीन क्षेत्ररेषा येतच असतात. त्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूला एकावर एक साचतात, कडेनं ताणल्या जातात आणि रात्रीच्या बाजूला लांब शेपटीसारख्या लोंबतात.

म्हणजे ग्रहाकडे चुंबक नाही, पण सूर्यानंच पाठवलेलं चुंबकीय क्षेत्र त्याच्या दारात ढीग होऊन पडतं, आणि पुढचा वारा त्या ढिगावर अडतो. उसन्या क्षेत्राच्या या कवचाला प्रेरित चुंबकावरण म्हणतात. दाबाचा हिशोब हातोहाती होतो. बाहेर वाऱ्याच्या वेगाचा दाब, शॉकच्या आत तापलेल्या प्लाझ्माचा दाब, त्याच्या आत साचलेल्या क्षेत्राचा दाब आणि सगळ्यात आत आयनांबराचा स्वतःचा दाब. प्रत्येक थर बाहेरच्या थराचं ओझं पेलतो. वारा वातावरणाला थेट फारच कमी जागी शिवतो.

शुक्र हे याचं साफ उदाहरण. १९६७च्या ऑक्टोबरमध्ये मरिनर ५ त्याच्याजवळून गेलं तेव्हा बो शॉक दिसला, पण ग्रहाच्या इतक्या जवळ की चुंबकीय क्षेत्र असलंच तर नगण्य असणार हे उघड झालं. नाकासमोर शुक्राचा बो शॉक पृष्ठभागापासून दोन-तीन हजार किलोमीटरवर असतो. शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढाच आहे, हे लक्षात घेतलं तर नव्वद हजारांशी ही तुलना बोलकी आहे. पायोनियर व्हीनस यान १९७८ ते १९९२ शुक्राभोवती फिरत होतं, त्यामुळे सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र त्याला पुरतं बघता आलं. सूर्य शांत असताना ग्रहाच्या कडेला, म्हणजे दिवस-रात्रीच्या सीमेवर, शॉक केंद्रापासून सुमारे २.१ शुक्र-त्रिज्यांवर होता. सूर्य जोरात असताना तो २.४ त्रिज्यांपर्यंत गेला. जोरदार सूर्य म्हणजे जास्त अतिनील किरण, जास्त आयन, म्हणून अडथळाही फुगतो.

यात आणखी एक भर असते. वातावरणातले काही हलके अणू खूप वर, पार वाऱ्याच्या वाटेत पोचलेले असतात. तिथे त्यांचं आयन झालं की वारा त्यांना पकडून बरोबर न्यायला लागतो. हे नवे प्रवासी थांबलेले असतात, त्यांना वेग द्यायचा म्हणजे वाऱ्यालाच वेग गमवावा लागतो. धूमकेतूंमध्ये तर मुख्य काम हेच करतं. चार किलोमीटरचं बर्फाळ केंद्रक सौरवाऱ्याला काय अडवणार? त्यातून निघणारा वायू अडवतो.

मंगळ मात्र पाठ्यपुस्तकी उदाहरण नाही, आणि म्हणूनच संशोधक त्यात रमतात. पहिली अडचण त्याच्या आकाराची. मंगळाजवळच्या तीनेक नॅनोटेस्लाच्या (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रात सौरवाऱ्यातला प्रोटॉन जी गिरकी घेतो, तिची त्रिज्या चौदाशे किलोमीटरच्या आसपास येते. शॉक ते ग्रह हे अंतरच दोन हजारांचं. म्हणजे शॉकमध्ये विस्कटलेल्या प्रोटॉनला जरा स्थिरस्थावर व्हायला जितकी जागा लागते, तितकी इथे धड मिळतच नाही. एक गिरकी पुरी होते न होते तोच ग्रह समोर. वातावरणातून उचललेला ऑक्सिजन आयन तर सोळापट जड, त्याची गिरकी अख्ख्या मंगळाहून मोठी. त्यामुळे वाऱ्याला वाहता द्रव मानून केलेली साधी गणितं मंगळाशी तोकडी पडतात.

दुसरी गोष्ट, मंगळाचं जुनं चुंबकत्व दगडांत उरलं आहे. १९९७मध्ये मंगळाशी पोचलेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयरनं ते शोधलं. अशा चुंबकित दगडांचे पट्टे मुख्यतः दक्षिण गोलार्धात आहेत, आणि ग्रहाबरोबर फिरत कधी वाऱ्याच्या तोंडावर तर कधी पाठीमागे येतात. त्यांच्यावर कवच जरा वर उचललं जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे चोरवाट. मंगळाचा हायड्रोजन इतका पसरलेला आहे की तो बो शॉकच्याही बाहेर सापडतो. तिथे येणारा प्रोटॉन एखाद्या हायड्रोजन अणूचा इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि स्वतः भाररहित अणू होतो. आता त्याला कसलं चुंबकीय क्षेत्र आणि कसला शॉक! तो पूर्ण वेगानं सगळ्या हद्दी पार करून थेट वातावरणात शिरतो. तिथे त्यामुळे जो अतिनील प्रकाश पडतो त्याला प्रोटॉन अरोरा म्हणतात. तो २०१८ साली नासाच्या मेव्हन यानाच्या नोंदींतून ओळखला गेला.

मेव्हन मंगळाभोवती फिरायला लागलं ते २०१४च्या सप्टेंबरात, आपल्या मंगळयानाच्या दोनच दिवस आधी. मंगळयानावर ना चुंबकमापक होता ना प्लाझ्मा मोजणारं उपकरण, त्यामुळे बो शॉकची गोष्ट मेव्हननंच सांगितली. शॉक ओलांडताना त्याच्या आलेखावर काय दिसतं ते पाहण्यासारखं आहे. चुंबकमापकाची रेघ तीनेक नॅनोटेस्लावर शांत चाललेली असते. (आपल्याकडे जमिनीवर हा आकडा चाळीस हजारांच्या वर असतो.) मग ती हलकेच चढायला लागते. हे परतवलेल्या प्रोटॉनांचं काम, शॉकचा पायथाच म्हणा. मग काही सेकंदांत खडा चढ, रेघ दहा-बाराच्या पुढे जाते, गरजेपेक्षा जरा जास्तच वर, आणि मग खाली येऊन थरथरत राहते. त्याच वेळी आयन मोजणाऱ्या उपकरणावर आधी एकच बारीक, ठळक पट्टा असतो, कारण सगळे प्रोटॉन एकाच वेगानं, एकाच दिशेनं येत असतात. शॉकपाशी तो पट्टा फुटतो आणि रुंद, पुसट डाग होतो. वाऱ्यातलं क्षेत्र शॉकला आडवं असेल तर हे असं नीटस दिसतं. ते शॉकच्या तोंडात सरळ घुसणारं असेल तर कुठलीच स्वच्छ उडी नसते, नुसता लांबलचक गोंधळ असतो.

हे कवच उसनं आहे हे कधी कळतं, तर उसनं देणाऱ्याचा हात आखडतो तेव्हा. २६ डिसेंबर २०२२ या दिवशी मंगळाजवळ सौरवारा जवळजवळ गायब झाला. घनता शंभरपट घसरली. दाब सुटताच मंगळाचं चुंबकावरण आणि बो शॉक हजारो किलोमीटर बाहेर फुगले, तिपटीहून जास्त. वारा परत आल्यावर सगळं पुन्हा दबून जागेवर बसलं. २०१०च्या ऑगस्टमध्ये शुक्राशीही असंच घडलं होतं. तेव्हा व्हीनस एक्स्प्रेस यानाला शुक्राचं आयनांबर रात्रीच्या बाजूला धूमकेतूसारखं लांबलेलं दिसलं.

उलट बाजूचा पुरावा शनीच्या टायटनकडून मिळतो. टायटनला दाट वातावरण आहे, आयनांबर आहे, म्हणजे अडथळा पक्का. पण तो बहुतेक वेळ शनीच्या चुंबकावरणात असतो आणि तिथला प्लाझ्मा लाटांपेक्षा हळू वाहतो. बातमी वर पोचते, प्रवाह आधीच वळतो, शॉक लागत नाही. २०१३च्या डिसेंबरात सौरवाऱ्याच्या दाबानं शनीचं चुंबकावरण आत ढकललं गेलं आणि टायटन थोडा वेळ उघड्या वाऱ्यात आला. नेमकं तेव्हा कॅसिनी यान जवळून जात होतं, आणि टायटनपुढे बो शॉक हजर होता.

आता एका लाडक्या वाक्याबद्दल. ‘मंगळाचं चुंबकीय क्षेत्र गेलं, म्हणून सौरवाऱ्यानं त्याचं वातावरण उडवलं,’ हे वाक्य बातम्यांत इतक्यांदा येतं की त्यावर शंका घ्यावीशीही वाटत नाही. मेव्हनच्या मोजमापात मंगळ सेकंदाला सुमारे शंभर ग्रॅम वायू सौरवाऱ्यामुळे गमावतो, हे बरोबर. सूर्य तरुण आणि तापट असताना हा आकडा मोठा असणार, हेही बरोबर. पण मग शुक्राचं काय? त्याच्याकडेही चुंबक नाही, तो सूर्याच्या जास्त जवळ आहे, आणि त्याच्या पृष्ठभागावर पृथ्वीच्या नव्वदपट दाबाचं वातावरण आजही टिकून आहे. शिवाय चुंबकवाल्या पृथ्वीच्या ध्रुवांवरून निसटणारे ऑक्सिजन आयन मोजले, तर तेही शुक्र-मंगळापेक्षा कमी भरत नाहीत. ग्रहाचं वजन किती, त्याचं गुरुत्व किती घट्ट धरतं, वरचे अणू किती तापतात, ज्वालामुखी किती भर घालतात, हे सगळं हिशोबात धरावं लागतं. चुंबक असलं तर वाचलो, नसलं तर गेलो, इतकं ते सोपं नाही.

हा हिशोब नीट करायचा तर एकट्या यानाची एक जुनी अडचण सोडवावी लागते. यान शॉक ओलांडतं तेव्हा यान पुढे सरकलं की शॉकच सरकून यानावरून गेला, हे एका आलेखावरून सांगता येत नाही. शॉक सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगानंही मागेपुढे होतो, यानापेक्षा जास्त. शिवाय यान आत असताना बाहेर वारा कसा आहे हे त्याला कळत नाही. २०२१पासून चीनच्या थ्येनवेन १चं चुंबकमापक मंगळाशी असल्यामुळे दोन ठिकाणच्या नोंदी जुळवायची थोडीफार सोय झाली. नोव्हेंबर २०२५मध्ये निघालेली एस्केपेड मोहीम तर मुद्दाम याच कामासाठी आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नेतृत्वाखालची ही दोन अगदी सारखी, छोटी यानं २०२७मध्ये मंगळाशी पोचायची आहेत. आधी दोन्ही एकाच कक्षेत एकामागून एक फिरतील, म्हणजे पहिल्यानं पाहिलेली जागा दुसरं काही मिनिटांनी पुन्हा पाहील. नंतर कक्षा वेगळ्या होतील. एक यान बाहेर उघड्या वाऱ्यात असेल आणि त्याच वेळी दुसरं शॉकच्या आत.